बेगमी

माइल्स सिटीच्या दुकानात काडतुसांचं फडताळ
आता नुसतं लाकूड आहे, हॅल्वर.
मधोमध एक चिठ्ठी: माणशी एकच खोका, तोही आला तर.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, ट्रक सोमवारी येतो.
सोमवारी पहाटे सहाला
माझ्यापुढे एकोणीस जण होते, थर्मास घेऊन,
एकमेकांच्या बुटांकडे बघत.
माझा नंबर यायच्या आत खोके संपले.
डिझेल मात्र जळलं, जाऊन-येऊन दीडशे मैलांचं.

तुला हे आधीच दिसलं होतं म्हणायचं.
तहान लागल्यावर विहीर खणणारा तू नव्हतास.
तळघरात चोकचेरीच्या बरण्यांखाली
कॉफीचे डबे, त्यांत धुऊन घासलेली पितळी टरफलं,
टोप्यांच्या पेट्या, शिशाच्या कांड्या,
आणि वर, ओल लागणार नाही अशा फळीवर, दारू.
(आयुष्यात ज्या एकाच दारूला तू हात लावलास, ती.)

आणि तुझी वही.
एका हरणाला एक गोळी. फार तर दोन.
सरावाला वर्षाकाठी दहा.
टरफल शोधल्याशिवाय घरी यायचं नाही.
उसनं कुणाला द्यायचं नाही.
या शेवटच्या ओळीपुढे, वेगळ्या शाईत:
डेल्मार सोडून.

हल्ली सकाळी मी दोन्ही मोजते.
सात कप्प्यांच्या डबीत रक्तदाबाच्या गोळ्या,
मग कठडा धरून खाली जाते, दुसऱ्या गोळ्या.
गणित तेच.
किती उरल्या, पुढच्या कधी मिळतील,
आणि त्या मिळेपर्यंत मी आहे का.

ऑक्टोबरात बरण्या हलवताना
मागच्या भिंतीशी अकरा खोके सापडले,
सील न फोडलेले.
क्षणभर वाटलं, सुटलो.
मग चष्मा लावून वाचलं: दोनशे सत्तावन्न.

आपली बंदूक दोनशे सत्तरची, हॅल्वर.
ती सत्तावन्नवाली तू डेल्मार क्विस्लेला विकलीस,
ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स गेला त्या हिवाळ्यात.
तीन दिवस जेवला नव्हतास नीट.
आणि खोक्यांवर पेन्सिलीनं घातलेली सालं
सगळी त्यानंतरची.
दर साली एक.
मला वाटायचं, तू खिळे आणायला जातोस.

परत विकत घेणार होतास का तिला?
की नुसतं चुकल्यासारखं व्हायचं?
वहीत याचा रकाना नाही.

मग परवा डेल्मारची नात आली, मॅरिट, चौदा वर्षांची,
नारिंगी जाकीट गुडघ्यापर्यंत.
हंगाम शनिवारी उघडतोय, म्हणाली,
आजोबांनी त्यांची बंदूक दिली,
पण तिच्या गोळ्या कुठेच नाहीत,
बिलिंग्सला नाहीत, ग्लेंडाइव्हला नाहीत,
तुमच्याकडे काही असेल तर?

मी तिला खाली नेलं नाही.
साठा कुणाला दाखवायचा नसतो, तूच सांगायचास.
जिन्यात उभं केलं आणि एकटी उतरले.
खोका उचलला. पुन्हा ठेवला.
वाण्यासारख्या मोजून चार आणल्या.
टरफलं परत हवीत, म्हटलं,
एकूण एक.
एवढीशी पोर, पण तिनं का म्हणून विचारलं नाही.

रविवारी संध्याकाळी दार वाजलं.
तीन टरफलं, पुसलेली.
दोन डब्यावर नेम धरताना गेल्या, म्हणाली,
तिसरी लागली.
चौथी तिनं तळहातावर ठेवून पुढे केली,
मुठीत ऊबदार झालेली.
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी,
कागद ओलसर, गडद.
आजोबा म्हणाले हे तुम्हाला.
हॅल्वरच्या बंदुकीचं आहे.

रात्री वही घेऊन बसले.
मॅरिट क्विस्ले: दिल्या चार.
परत एक भरलेली, तीन रिकामी.
पुढे काळीज लिहिलं,
आणि ते जमेत धरायचं की देण्यात, कळेना,
म्हणून वही मिटली.
कांदा चिरायला घेतला.